'स्ट्राइक' : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा



भाषेवर बोलावयाचे ते प्राध्यापकांनी, आणि संपावर बोलावयाचे ते आमच्यासारख्यांनी, अशी वाटणी आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा त्यांचीही तीच समजूत होती. "आपण संपावर बोलणार ना?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "होय, पण संपाच्या इंग्रजी शब्दावर." त्यांनी जरा वेळ आमच्याकडे पाहिले आणि मग विषय लिहून घेतला. त्यांच्या या सौजन्याबद्दल आभार मानून सुरुवात करतो.

आमचा अधिकार किती, तेही आधीच सांगितलेले बरे. आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीवाल्याकडून विकत घेतलेल्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोशात. त्या कोशाची पहिली काही पाने गेलेली होती. त्यामुळे 'ए' या अक्षराशी आमची ओळख उशिरा झाली. 'एस' मात्र शाबूत होता. त्या 'एस'मधल्या एका क्रियापदाने आम्हांला जो धडा दिला, तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. ते क्रियापद म्हणजे 'स्ट्राइक'. त्याचे भूतकाळी रूप 'स्ट्रक'.

हा धडा फुकट मिळाला नाही, आणि त्याची किंमत आम्ही भरली नाही, दुसऱ्यांनी भरली. म्हणून ती गोष्ट प्रथम सांगणे प्राप्त आहे.

१९९६ साल. आमचे वय पंचविशीच्या थोडे पुढे. एका कारखान्यात आम्ही युनियनचे काम पाहत होतो. मागणीपत्रात नऊ मागण्या होत्या आणि एकवीस दिवसांचा संप झाला होता. शेवटच्या रात्री साडेअकराच्या सुमारास वाटाघाटींच्या टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद आला. प्रत्येक मागणीपुढे काय ठरले ते लिहिलेले होते. पगारवाढीपुढे रक्कम होती, रजेपुढे दिवस होते. सहाव्या मागणीपुढे एकच शब्द होता : 'स्ट्रक'. ही सहावी मागणी चौदा बदली कामगारांना कायम करण्याची होती.

योगायोग असा, की आठच दिवसांपूर्वी आम्ही कोशात 'टु स्ट्राइक अ बार्गेन' हा प्रयोग वाचला होता. अर्थ दिला होता, सौदा पटवणे. झाले! 'स्ट्रक' म्हणजे पटले, ठरले, असे आम्ही कमिटीला मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. सह्या झाल्या. सकाळी फाटकावर गुलाल उधळला. चौदा जणांनी आम्हांला खांद्यावर घेतले. तिसऱ्या दिवशी मस्टरवर त्या चौदांची नावे नव्हती. चौकशीला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "सहावी मागणी आपणच सोडलीत. कागदावर लिहिले आहे, 'खोडली'."

त्या कागदात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. 'स्ट्रक'चा 'खोडली' हाही अर्थ खराच आहे. तो त्याच कोशात, त्याच पानावर, चार ओळी खाली दिलेला होता. आम्ही तेथवर वाचले नव्हते. चौदांपैकी एक जण जाण्यापूर्वी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला तो शब्द येत नव्हता का?" आम्ही म्हटले, "येत होता." हेच खरे दुःख आहे. शब्द मुळीच आला नसता, तर आम्ही कोणाला तरी विचारले असते. अर्धा आला, म्हणून विचारले नाही.

त्या दिवसापासून या एका शब्दाचा आम्ही पाठलाग केला. त्यात जे हाती आले ते असे.

इंग्रजीच्या अगदी जुन्या रूपात, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी, हे क्रियापद 'स्ट्रीकान' असे होते. त्याचा अर्थ मारणे असा नव्हता. त्याचा अर्थ होता हळुवार हात फिरवणे, घासणे, गुळगुळीत करणे. आणि दुसरा, जाणे, पुढे सरकणे. आज ज्या शब्दाने विजेचा तडाखा सांगतात, त्याचा मूळ अर्थ गोंजारणे होता! त्याचे सख्खे भावंड 'स्ट्रोक' आजही दोन्ही घरी नांदते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवणे हाही 'स्ट्रोक', आणि माणसाला एकाएकी अर्धांगवायू होतो तोही 'स्ट्रोक'. 'स्ट्रीक', म्हणजे रेघ, पट्टा, हा शब्दही याच कुळातला. जर्मन भाषेतला भाऊ 'श्ट्राइखेन' अजून पोळीवर लोणी पसरवण्याचे, भिंतीला रंग देण्याचे आणि लिहिलेले खोडण्याचे काम करतो. डच भाषेतल्या भावाकडे कपड्यांना इस्त्री करण्याचे काम आहे. या सर्वांत एकच क्रिया दिसते : एखाद्या पृष्ठभागावरून हात किंवा वस्तू सरकत नेणे.

आता खोडणे हा अर्थ कोठून आला ते उघड होते. लेखणी ओळीवरून सरकत नेली, की ओळ खोडली गेली. तेव्हा आमच्या सहाव्या मागणीपुढचा 'स्ट्रक' हा या शब्दाच्या थोरल्या पातीचा होता. आम्ही लावलेला अर्थ धाकट्या पातीचा.

जाणे हा दुसरा जुना अर्थही कोठे कोठे जपलेला आहे. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात अब्राहाम आणि सारा यांच्या वार्धक्याचे वर्णन याच क्रियापदाच्या 'स्ट्रिकन' या रूपाने केले आहे. तेथे त्यांना कोणी मारलेले नाही. ती दोघे वयाने फार पुढे गेलेली आहेत, एवढाच अर्थ. आज मात्र 'स्ट्रिकन' म्हटले की रोगाने किंवा दुःखाने ग्रासलेला असाच अर्थ इंग्रज घेतो.

मग हात फिरवण्यापासून हात उगारण्यापर्यंत हा शब्द कसा गेला? पुढच्या काही शतकांत हलका स्पर्श जोराचा झाला आणि मारणे, आदळणे हा अर्थ पुढे आला. एकदा हा अर्थ रूढ झाल्यावर त्याला फांद्या किती फुटाव्यात! घड्याळाचे ठोके पडतात ते 'स्ट्राइक'. आगकाडी ओढतात ती 'स्ट्राइक'. रोप मूळ धरते, जमिनीत तेल लागते, एखादी कल्पना मनाला चाटून जाते, टांकसाळीत नाणे पडते, जमाखर्चाचा मेळ बसतो. इंग्रज या सगळ्याला एकच शब्द वापरतो. धान्याचे माप भरल्यावर वरची शीग सारून माप सपाट करावयाची जी फळी, तिचेही नाव 'स्ट्राइक'च होते. आपल्याकडे शिगोशीग माप आणि सपाट माप यांतला फरक आठवडी बाजारातल्या कोणत्याही आजीबाईला ठाऊक असतो. ती शीग कोणाच्या पोत्यात जाते, हा प्रश्न तिकडेही असणारच.

यात इंग्रजांना हसण्यासारखे काही नाही. आपले 'मारणे' घ्या. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, थाप मारतो, बाजी मारतो, शिक्का मारतो, आणि कामावर जावयाचे नसेल तर दांडी मारतो. परक्या माणसाने कोशात 'मारणे' म्हणजे ठार करणे एवढेच वाचले, तर आपल्या गप्पांना तो पोलीस बोलावील. क्रियापद एकटे असते तेव्हा ते पुरते बोलत नाही. त्याच्या शेजारी कोण बसले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. 'बार्गेन' शेजारी असेल तर सौदा पटतो. 'आउट' शेजारी असेल तर ओळ खोडली जाते. आणि शेजारी कोणीच नसेल, तर वाचणाऱ्याने सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे.

क्रिकेटचे रसिक येथे पुष्कळ असतील, म्हणून एक गंमत सांगतो. फलंदाजाचा 'स्ट्राइक रेट' म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा. तो जितका जास्त तितका चांगला. गोलंदाजाचा 'स्ट्राइक रेट' म्हणजे एका बळीमागे चेंडू. तो जितका कमी तितका चांगला. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये चेंडू मारण्याजोगा असून हुकला, तर त्याला 'स्ट्राइक' म्हणतात. आणि मैदानावर जो 'स्ट्राइकवर' असतो तो खेळत असतो. कारखान्यात जो 'स्ट्राइकवर' असतो तो काम करीत नसतो.

येथवर आलो म्हणजे मुख्य प्रश्न उभा राहतो. काम थांबवण्याला इंग्रजीत मारण्याचा शब्द का लागला? पुष्कळांची समजूत अशी, की संप हा मालकावर केलेला प्रहार, म्हणून 'स्ट्राइक'. आम्हीही फाटकावरच्या सभांत असे ठोकून दिलेले आहे. वस्तुतः त्या शब्दात प्रहार नाही, त्यात शीड आहे.

जहाजाचे शीड किंवा निशाण खाली उतरवणे याला दर्यावर्दी इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणत. वरून खाली सरकत आणावयाचे, हा जुना अर्थच तेथे दिसतो. जर्मन आणि डच खलाशांकडेही शीड उतरवण्याला याच कुळातला शब्द आहे. तंबू उतरवणे, नाटकाचा सेट मोडून ठेवणे यांनाही इंग्रज हेच क्रियापद लावतो. समुद्रावर शीड किंवा निशाण उतरवण्याचा एक ठरलेला अर्थ होता : नमते घेणे. बलवान जहाजापुढे दुबळ्याने शीड उतरवावयाचे, लढाईत हरलेल्याने निशाण उतरवावयाचे.

१७६८ साली या क्रियेला वेगळाच अर्थ आला. ते वर्ष इंग्लंडात महागाईचे आणि दंगलींचे होते. लंडनच्या नदीकाठचे कोळसा उतरवणारे हमाल, रेशमाचे विणकर, खलाशी, सगळ्यांतच मजुरीसाठी खळबळ होती. उत्तरेकडच्या संडरलंड बंदरात खलाशी जमले, त्यांनी आपल्या तक्रारींचा कागद चौकात वाचून दाखवला, आणि मग जहाजांवर चढून शिडांचे आडवे वासे खाली उतरवून ठेवले. जहाजे बंदरातून हलू शकली नाहीत. लंडनच्या थेम्स नदीतही व्यापारी जहाजांची शिडे अशीच उतरली. त्याच वर्षीच्या इंग्रजी वार्षिक वृत्तसंग्रहात टोप्या बनवणाऱ्या कारागिरांविषयी नोंद आहे, की त्यांनी 'स्ट्रक' केले आणि मजुरी वाढेपर्यंत काम नाकारले. टोपीवाल्यांकडे कसले आले शीड! म्हणजे खलाशांचा शब्द किनाऱ्यावर उतरून कारागिरांच्या तोंडी बसला होता. जी खूण शतकानुशतके नमते घेण्याची होती, तीच खलाशांनी नकाराची केली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी जहाज जाळले नाही, बुडवलेही नाही. शीड उतरवले. उतरवलेले शीड पुन्हा चढवता येते, आणि मजुरी मिळताच चढवावयाचे असते.

आता दुसऱ्या भाषा या गोष्टीला काय म्हणतात ते थोडक्यात पाहू. फ्रेंच शब्द 'ग्रेव्ह'. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी वाळूचा, गोट्यांचा एक उतार होता, म्हणून तिथल्या चौकाला ते नाव. काम शोधणारे मजूर त्या चौकात येऊन उभे राहत. आपल्याकडच्या मजूर-नाक्यासारखे समजा. तेथे उभे राहणे याचाच अर्थ पुढे संप करणे असा झाला. स्पॅनिश 'उएल्गा' हा विसावा घेणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. इटालियन 'शोपेरो'त कामाबाहेर होणे हा भाव आहे. जर्मनांनी तर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचाच शब्द उचलून 'श्ट्राइक' केला. घरचा 'श्ट्राइखेन' घरात असताना चुलत्याकडचा पोर दत्तक घेतला.

आपल्याकडे दोन शब्द आहेत. पहिला हरताळ. बाजारातला हरताळ म्हणजे हट्टाला, म्हणजे दुकानाला, ताळा. रौलट कायद्याविरुद्ध १९१९ च्या ६ एप्रिलला गांधीजींच्या हाकेवरून देशभर पडला तो हा. पण मराठीत आणखी एक हरताळ आहे, आणि त्याचे कूळ अगदी निराळे. ते पिवळे खनिज. जुन्या पोथ्या लिहिणारे चुकलेले अक्षर त्याने झाकून टाकीत. त्यावरून हरताळ फासणे म्हणजे पुसून टाकणे, नाहीसे करणे. पहा कसा योग आहे : इंग्रजीत एकाच शब्दाने काम बंद होते आणि ओळही खोडली जाते, मराठीतही 'हरताळ' या एकाच उच्चाराने दोन्ही गोष्टी होतात. आमच्या चौदा जणांच्या कपाळी हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर आले. एकवीस दिवस त्यांनी 'स्ट्राइक' केला, आणि शेवटी तेच 'स्ट्रक' झाले.

दुसरा आणि आपला खरा शब्द 'संप'. त्यात शीड नाही, कुलूप नाही, चौक नाही. आपले शेजारी गुजराती बांधव 'संप' म्हणतात तेव्हा त्यांना कामबंदी अभिप्रेत नसते. त्यांच्या भाषेत संप म्हणजे एकोपा, सलोखा. घरात भावाभावांत संप असावा, असे गुजराती आजी आशीर्वाद देताना म्हणते. मुंबईच्या गिरण्यांत मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा कानावर पडत. ज्या क्रियेला इंग्रजांनी तिच्या परिणामावरून नाव दिले, तिला आपल्याकडे तिच्या कारणावरून नाव मिळाले. काम थांबते हा परिणाम. माणसे एक होतात हे कारण. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यात पगाराची मागणी नव्हती, बोनसची नव्हती. तो नुसता संप होता, गुजराती अर्थानेही.

कायद्याला ही गोष्ट फार आधी कळली होती. इंग्लंडात १७९९ आणि १८०० साली जे कायदे झाले त्यांचा रोख 'कॉम्बिनेशन'वर, म्हणजे एक होण्यावर होता. एकट्याने काम सोडले तर त्याची कायद्याला एवढी धास्ती नव्हती. मजुरीसाठी अनेकांनी मिळून ठरवणे हा गुन्हा होता. ते कायदे १८२४ साली रद्द झाले. तरीही १८३४ साली डॉर्सेट परगण्यातल्या सहा शेतमजुरांना गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. आपल्या देशातल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची व्याख्या करताना काम थांबवणे एवढ्यावर भागवलेले नव्हते. ते एकजुटीने थांबवलेले असले पाहिजे, असे म्हटले होते. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संप धरला आहे. म्हणजे एकाने मारली तर दांडी, निम्म्यांनी ठरवून मारली तर संप! इंग्रजीतल्या व्याख्येला शेवटी मराठी-गुजराती शब्दाचा आधार घ्यावाच लागला.

आता शेवटची गोष्ट, आणि ती बोलणे आम्हांला सोपे नाही. आमचे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत ते होते. आमची शाळा सुटली ती त्याच वर्षी. तो संप औपचारिकपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. लोक म्हणू लागले, संप केला आणि संपले. 'संप' आणि 'संपणे' कानाला सारखे लागतात, त्यामुळे ही कोटी फार चालली. आम्ही ती कधी केली नाही. वडिलांचा अर्थ तसा नव्हता. चाळीतल्या अठरा बिऱ्हाडांत त्या वर्षी ज्याच्याकडे पीठ असे तो शेजाऱ्याकडे अर्धे पाठवी; वडिलांच्या लेखी संप तो होता.

परंतु आंधळी भक्तीही कामाची नाही. इंग्रजी शब्द सांगतो, काय उतरवले. आपला शब्द सांगतो, कोण एक झाले. उतरवलेले शीड पुन्हा केव्हा आणि कसे चढवावयाचे, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. ते पुढाऱ्याने पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे लागते, आणि ज्यांचे घर त्यावर चालते त्यांना, त्यांच्या भाषेत, सांगावे लागते. १९८२ नंतर आम्ही जे शिकलो ते हे. १९९६ नंतर शिकलो ते आणखी साधे आहे : परक्या भाषेतल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याची मराठी प्रत मागावी, मिळाली नाही तर उद्या या, असे सांगावे, आणि कोशातला शब्द शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. गेली तीस वर्षे आमच्या युनियनचा एकही करार मराठी प्रत हाती आल्याखेरीज सही झालेला नाही.

त्या चौदांपैकी ज्याने आम्हांला प्रश्न विचारला होता, तो पुढे आपल्या गावी गेला. मागल्या वर्षी एका लग्नात भेटला. आता तो आजोबा झाला आहे. बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, तो शब्द आता पुरता आला का?" आम्ही म्हटले, "अजून वाचतो आहे." तो हसला.